स्वपरीक्षण शिकवावे, पण नेमके काय?

स्तनांचे स्वपरीक्षण स्त्रियांना शिकवावे की नाही, हा वाद गेली वीस-बावीस वर्षे चालू आहे आणि दोन्ही बाजू तो चुकीच्या मुद्द्यांवर लढवत आहेत. एका बाजूला जनजागृतीचे कार्यकर्ते आहेत. दर महिन्याला पाच मिनिटे काढून स्वतःचे स्तन तपासणारी स्त्री कर्करोगाला वेळेत पकडते आणि मृत्यू टाळते, अशी त्यांची श्रद्धा आहे; इतके सोपे, फुकट आणि घरबसल्या होणारे काम शिकवायला कोणाचा विरोध असूच कसा शकतो, असा त्यांचा सवाल असतो. दुसऱ्या बाजूला पुराव्यावर बोट ठेवणारी मंडळी आहेत. स्वपरीक्षणाने मृत्यू घटत नाहीत आणि विनाकारण बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणे) मात्र वाढतात, हे मोठ्या चाचण्यांतून दिसले आहे, तेव्हा हा विषयच बंद करावा, असे ती म्हणतात. पहिल्या पक्षाला चाचण्यांचे नाव काढलेले खपत नाही. दुसऱ्या पक्षाला चाचण्यांचा निष्कर्ष तोंडपाठ आहे, पण त्या चाचण्यांत कोणता प्रश्न विचारला गेला होता, हे पाहण्याची गरज वाटत नाही.

माझे मत आधीच सांगते. स्वपरीक्षण शिकवले पाहिजे. मात्र दर महिन्याला न चुकता पाळायचे व्रत म्हणून नव्हे, आणि जीव वाचण्याची हमी म्हणून तर मुळीच नव्हे. आपले स्तन एरवी हाताला कसे लागतात याची ओळख, बोटांनी शोधण्याचे खरे कसब, आणि बदल जाणवला तर किती दिवसांत कोणाकडे जायचे याची पक्की माहिती, या तीन गोष्टी एकत्र दिल्या तरच त्याला शिकवणे म्हणता येईल. सध्या शिकवणे या नावाखाली जे चालते, म्हणजे भिंतीवरचे चित्र, दहा मिनिटांचे भाषण आणि हातात दिलेले एक पत्रक, त्यात पहिली गोष्ट अर्धवट असते, दुसरी जवळजवळ नसते आणि तिसरी तर नसतेच.

विरोधकांचा पुरावा भक्कम आहे, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. चीनमधील शांघाय शहरात 519 कापड गिरण्यांतील 2,66,064 स्त्रियांवर एक चाचणी झाली. 1989 ते 1991 या काळात निम्म्या गिरण्यांतील कामगार स्त्रियांना स्वपरीक्षण शिकवले गेले आणि उरलेल्या निम्म्यांना शिकवले गेले नाही. शिकवणेही वरवरचे नव्हते. सिलिकॉनच्या स्तनप्रतिकृतींवर सराव करून घेतला गेला, पुढच्या वर्षांत उजळणी झाली आणि ठरावीक काळाने देखरेखीखाली परीक्षण करवून घेतले गेले. दहा-अकरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर 2002 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. शिकवलेल्या गटात स्तनाच्या कर्करोगाने 135 मृत्यू झाले होते आणि न शिकवलेल्या गटात 131. रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या चाचणीतही मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. या दोन्ही चाचण्यांतील मिळून 3,88,535 स्त्रियांची माहिती एकत्र करणारा, वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा आढावा 2003 मध्ये आला. कर्करोग नसल्याचे निष्पन्न झालेल्या बायोप्सी शिकवलेल्या गटात 3,406 आणि दुसऱ्या गटात 1,856 होत्या, म्हणजे जवळजवळ दुप्पट. त्याच वर्षी अमेरिकन कॅन्सर सोसायटीने मासिक स्वपरीक्षण ऐच्छिक ठरवले, आणि 2009 मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक सेवा कार्यदलाने ते शिकवण्याच्या विरोधात शिफारस केली.

त्या 3,406 या आकड्याकडे ‘चला, कर्करोग तर निघाला नाही’ असे म्हणून पाहणे सोपे आहे, पण ते प्रामाणिक नाही. बायोप्सीचा अहवाल येईपर्यंतचे दिवस ज्या घराने काढले आहेत, त्याला ते विचारावे. अहवालात साधी गाठ निघाल्यावरही अनेकींची भीती जात नाही. काही जणी पुढे कित्येक वर्षे रोज चाचपडत राहतात, तर काही जणी स्वतःच्या शरीराला हात लावायचेच सोडून देतात. गाठ बोटाला लागण्याइतकी मोठी होईपर्यंत आजार अनेक वर्षांचा झालेला असू शकतो आणि काही आक्रमक कर्करोग तोवर पसरलेले असू शकतात, हा जीवशास्त्राचा आक्षेपही खरा आहे. मासिक स्वपरीक्षणाच्या पुरस्कर्त्यांनी हे सारे ऐकून घ्यायला हवे होते. त्यांनी ते ऐकले नाही, याचे कारण ‘लवकर सापडले की वाचले’ हे वाक्य इतके पटण्याजोगे आहे की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटतच नाही.

पटण्याजोग्या वाक्यांचा या रोगाच्या इतिहासातला अनुभव फार कडू आहे. अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील लसीका ग्रंथीही काढून टाकणारी शस्त्रक्रिया रूढ केली. जितके अधिक कापावे तितका रोग समूळ जाईल, हे तर्काला धरून होते, आणि म्हणून सुमारे पाऊण शतक लाखो स्त्रियांच्या छातीच्या फासळ्या उघड्या पडेपर्यंत शस्त्रक्रिया होत राहिल्या. अमेरिकन शल्यविशारद बर्नार्ड फिशर यांनी 1971 मध्ये सुरू केलेल्या चाचणीतून त्याहून मर्यादित शस्त्रक्रियेनेही स्त्रिया तितक्याच जगतात हे दिसून आले, तेव्हा कुठे ती समजूत ढासळली. फिशर यांच्यावर त्या काळी झालेली टीका आणि आज शांघायच्या चाचणीकडे फिरवली जाणारी पाठ यांत मला फार फरक दिसत नाही. सद्हेतू असला म्हणून पुराव्यातून सूट मिळत नाही.

पण मग याच शिस्तीने दुसऱ्या पक्षालाही विचारले पाहिजे: शांघायच्या चाचणीने काय सिद्ध केले? ज्या स्त्रियांना स्वपरीक्षण शिकवले गेले आणि ज्यांना शिकवले गेले नाही, अशा दोन गटांची ती तुलना होती. न शिकवलेल्या गटातील स्त्रियांचे हात बांधलेले नव्हते. अंघोळ करताना, कपडे बदलताना त्यांनाही गाठी लागत होत्या आणि त्या दाखवण्यासाठी त्यांनाही गिरणीच्या आरोग्यव्यवस्थेचा आधार होता. स्वतः संशोधकांनी निष्कर्षात बजावून ठेवले आहे की ही शिकवण्याची चाचणी होती, स्वपरीक्षण करण्याची नव्हे. एखाद्या स्त्रीने ते कौशल्याने आणि वारंवार केले तर काहीच लाभ होणार नाही, असा अर्थ यातून काढू नये. हे वाक्य वादात फारसे कोणी उद्धृत करत नाही. जिथे गाठ लागलेली स्त्री एरवीही काही दिवसांत डॉक्टरांसमोर पोहोचते, तिथे मासिक कवायतीची भर घातल्याने मृत्यू घटले नाहीत, इतके त्या चाचणीतून निश्चित कळते. जिथे स्त्री गाठ माहीत असूनही वर्षभर लपवते आणि व्रण होऊन दुर्गंधी सुटल्यावरच रुग्णालयात येते, तिथे तिला काही शिकवावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यांत कुठे आहे?

हाताने केलेली तपासणीच मुळात निरुपयोगी, असेही म्हणता येत नाही. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 मध्ये सुरू केलेल्या चाचणीत 35 ते 64 वयाच्या 1,51,538 स्त्रिया होत्या. त्यांतील एका गटाचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले; मॅमोग्राफीचे, म्हणजे स्तनांचे क्ष-किरण चित्र काढणारे यंत्र त्यात नव्हते. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासलेल्या गटात कर्करोग अधिक सुरुवातीच्या टप्प्यात सापडला आणि 50 वर्षांवरील स्त्रियांमध्ये त्याने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. सर्व वयोगट मिळून दिसलेली 15 टक्क्यांची घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही, म्हणजे ती योगायोगाचीही असू शकते, हेही सांगितले पाहिजे. शिवाय आरोग्यसेविकेचा हात आणि स्वतःचा हात एक नव्हे, त्यामुळे या चाचणीवरून स्वपरीक्षणाचा थेट कैवार घेता येणार नाही. मात्र त्या आरोग्यसेविका डॉक्टर नव्हत्या. नीट शिकवलेल्या बोटांना काय कळू शकते, याचा हा पुरावा आहे, आणि आपला प्रश्न शिकवण्याचाच आहे.

मग बोटांना शिकवायचे म्हणजे काय? मी एका प्रशिक्षणात सिलिकॉनच्या प्रतिकृतीवर हात ठेवून बसले होते, तो अनुभव सांगते. आत पाच गाठी आहेत, असे शिकवणाऱ्या परिचारिकाताईंनी आधीच सांगितले होते. मी अर्ध्या मिनिटात दोन शोधल्या, बराच वेळ घालवून तिसरी शोधली आणि उरलेल्या दोन या प्रतिकृतीत नाहीतच, असे मनाशी ठरवून टाकले. ताईंनी माझी बोटे पाहिली. मी टोकांनी टोचत होते आणि मनाला येईल तिकडे हात फिरवत होते. त्यांनी माझी मधली तीन बोटे सपाट केली, टोकांऐवजी पेरांचा मऊ भाग टेकवायला लावला, आणि एकाच जागी तीन छोटी वर्तुळे काढायला सांगितली: पहिले कातडी जेमतेम हलेल इतक्या दाबाने, दुसरे मध्यम आणि तिसरे खाली फासळी जाणवेपर्यंत. मग बोटे न उचलता एक बोटभर खाली, पुन्हा तीन वर्तुळे, आणि अशा उभ्या पट्ट्या एकीला लागून एक. चौथी गाठ तिसऱ्या दाबाला लागली. मण्याएवढी होती, आणि मी त्याच जागेवरून आधी दोनदा हात फिरवून गेले होते. पाचवी मात्र काखेच्या बाजूला होती, जिथे मी गेलेच नव्हते.

गोल गोल फिरणारी बोटे दाखवणाऱ्या चित्रातून हे शिकता येईल का? पोहणे चित्रावरून शिकता येत नाही, तसेच हेही. उभ्या पट्ट्यांची ही पद्धत अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात हेन्री पेनीपॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली, तीच मुळी स्पर्शाची जाण मोजून आणि सुधारून. तपासायचा भाग म्हणजे केवळ स्तनाचा उभार नव्हे. गळ्याखालच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत आणि छातीच्या मधल्या हाडापासून काखेच्या मध्यापर्यंतचा सगळा चौकोन त्यात येतो. स्तनाच्या वरच्या बाहेरच्या, काखेकडील भागात सर्वाधिक कर्करोग आढळतात, आणि घाईने तपासताना तोच भाग सुटतो. पाळी चालू असलेल्या स्त्रीने पाळी सुरू झाल्यावर साधारण आठवड्याने पाहावे, कारण पाळीआधी स्तन जड, दुखरे आणि गाठीगाठींचे लागतात. पाळी गेलेल्या स्त्रीला कोणताही दिवस चालतो. कॅनडातील राष्ट्रीय स्तनतपासणी अभ्यासातील स्त्रियांच्या माहितीवरून 1997 मध्ये एक विश्लेषण झाले. आरशात निरखणे, बोटांचा सपाट भाग वापरणे आणि मधली तीन बोटे वापरणे या तीन गोष्टी करणाऱ्या स्त्रियांमध्ये रोग पसरण्याचा किंवा त्याने मृत्यू होण्याचा धोका कमी दिसला. त्यांतील गोष्टी गाळणाऱ्यांमध्ये तो जास्त होता. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, त्याचे वजन शांघायइतके नाही. पण ‘केले’ आणि ‘नीट केले’ यांत अंतर असते, हे तो दाखवतो.

सरसकट विरोध करणाऱ्यांनी सुचवलेला पर्यायही पाहू. ब्रिटनने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच ठरावीक पद्धतीचे मासिक परीक्षण बाजूला ठेवून ‘स्तनांविषयी सजगता’ हा शब्द पुढे आणला: आपले नेहमीचे काय ते ओळखा, बदल पाहा, बदल दिसला की डॉक्टरांना सांगा. ही भूमिका मला मनापासून पटते. मासिक कवायतीत एक अन्याय दडलेला होता, तो तिने दूर केला. तपासणे हे कर्तव्य ठरले की उशिरा निदान झालेल्या स्त्रीच्या माथी दोषही आपोआप येतो. ‘दर महिन्याला पाहत नव्हतीस का?’ हा प्रश्न मी रुग्णाच्या खाटेजवळ विचारलेला ऐकला आहे. पण सजगता हा शब्द फार लवकर पळवाट बनला. आपले नेहमीचे काय, हे हात न लावता कसे ओळखायचे? स्तनाखालच्या घडीत लागणारी कडक कड ही निसर्गतःच असते, हे कोणी न सांगता कसे कळायचे? कित्येकींचे स्तन दाणेदार लागतात, दोन स्तन सारखे नसतात, बहुतेक गाठी फायब्रोअडेनोमा किंवा पाण्याच्या गाठी अशा साध्या असतात, आणि कर्करोगाची गाठ बऱ्याचदा दुखत नाही. हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण ‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ या समजुतीने जितका काळ वाया जातो, तितका क्वचितच दुसऱ्या कशाने जात असेल. कातडीला पडलेली खळी, संत्र्याच्या सालीसारखी दिसणारी त्वचा, नव्याने आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यावरचे न बरे होणारे पुरळ, दाबल्याशिवाय येणारा रक्तमिश्रित स्राव: ही चिन्हे पाहण्याची आहेत, आणि ती डोळ्यांना शिकवावी लागतात.

विनाकारण बायोप्सीच्या आक्षेपाचे उत्तरही येथेच आहे. आपले नेहमीचे न ओळखणाऱ्या स्त्रीला ‘गाठ शोध’ एवढेच सांगितले तर तिला सगळ्याच गाठी लागणार. शिवाय बोटाला काही लागले म्हणजे थेट बायोप्सीच व्हावी, असे कुठे आहे? डॉक्टरांनी हाताने तपासणे, मग वयानुसार सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि शंका उरली तरच सुईने नमुना, हा क्रम नीट पाळला तर पुष्कळ जणींचा प्रवास दुसऱ्या पायरीवर संपतो. बायोप्सींची संख्या हे बोटांपेक्षा पुढच्या व्यवस्थेचे मोजमाप अधिक आहे. ज्यांच्या घरात अनेक जणींना हा आजार झाला आहे किंवा ज्यांच्यात तसे जनुकीय दोष आढळले आहेत, त्यांनी मात्र स्वतःच्या हातावर विसंबू नये. त्यांना तज्ज्ञांच्या देखरेखीखालील वेगळी तपासणी लागते. आणि ठरलेल्या वयातील मॅमोग्राफी जिथे उपलब्ध आहे, तिथे स्वपरीक्षण करते म्हणून ती टाळणे ही मोठी चूक ठरेल.

आता तिसरी गोष्ट, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. माझ्या मावशीला गाठ सापडली होती. तिला कोणी पद्धत शिकवली नव्हती; साबण लावताना लागली. संकोच बाजूला ठेवून ती चार दिवसांत डॉक्टरांकडे गेली, म्हणजे जे करायला हवे ते सगळे तिने केले. डॉक्टरांनी साडीवरूनच हात लावल्यासारखे केले, ‘या वयात अशा गाठी होतात, काळजी करू नका’ असे म्हणून गोळ्या लिहून दिल्या. मावशीने डॉक्टरांवर विश्वास ठेवला आणि सात महिने गेले. काखेत दुसरी गाठ आली, तेव्हा पहिली सोनोग्राफी झाली. तिला बोटे कशी ठेवायची हे शिकवून काय फरक पडला असता? काहीच नाही. ‘गाठ जाणवते आहे, तिची तपासणी लिहून द्या, आणि ती तशीच राहिली तर मी पुन्हा केव्हा येऊ?’ हे एक वाक्य तिला कोणी शिकवले असते, तर मात्र पडला असता.

1974 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्यावर स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि तोवर कुजबुजत बोलल्या जाणाऱ्या या आजाराविषयी त्या उघडपणे बोलल्या. असंख्य स्त्रिया तपासणीसाठी बाहेर पडल्या. नियोजित उपराष्ट्राध्यक्षांच्या पत्नी हॅपी रॉकफेलर यांनी त्यानंतर काही आठवड्यांतच स्वतःला तपासले, गाठ सापडली आणि त्यांच्यावरही शस्त्रक्रिया झाली. हा प्रसंग स्वपरीक्षणाच्या बाजूने नेहमी सांगितला जातो. त्यात विसरले जाते ते हे की हॅपी रॉकफेलर यांच्या बोटापासून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जाणारा रस्ता आधीच तयार होता, आणि तो काही दिवसांचा होता. लक्षण जाणवल्यापासून उपचारापर्यंत तीन महिने किंवा अधिक उशीर झालेल्या स्त्रिया कमी जगतात, हे 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या व्यापक आढाव्यात दिसले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात स्त्री प्रथम लक्षण घेऊन आल्यापासून 60 दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. 2022 या एका वर्षात जगात सुमारे 23 लाख स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि 6 लाख 70 हजार जणी दगावल्या. हे 60 दिवस त्यांच्यातल्या किती जणींना ठाऊक असतील?

म्हणून प्रशिक्षणाच्या तासाची मांडणीच बदलावी, असे माझे म्हणणे आहे. निम्मा वेळ प्रतिकृतीवर, प्रत्येकीच्या बोटांकडे पाहून, चुकली तिथे हात धरून द्यावा. पुरावा काय सांगतो, हेही लपवू नये: ‘यामुळे जीव वाचतो असे सिद्ध झालेले नाही, आणि साध्या गाठीसाठी तुम्हाला बायोप्सीला सामोरे जावे लागू शकते, तरीही आपले शरीर ओळखावेसे वाटत असेल तर ते असे ओळखा.’ हे ऐकून घेण्याइतक्या स्त्रिया समंजस असतात. उरलेला वेळ गाठ लागल्यानंतरच्या पायऱ्यांना द्यावा. पाळी चालू असेल तर एक पाळी जाईपर्यंत थांबून पुन्हा पाहता येते, त्यापुढे थांबू नये; गरोदरपणात किंवा अंगावर पाजत असताना आलेली गाठ दुधाचीच असेल असे गृहीत धरू नये; तपासणीचे सर्वांत जवळचे ठिकाण, तिथला वार आणि वेळ कागदावर लिहून प्रत्येकीच्या हातात द्यावी, आणि एकदा समाधान झाले नाही तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवण्यात उद्धटपणा नाही, हे मोठ्याने सांगावे.

त्या प्रशिक्षणाच्या शेवटी मागच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला होता. ‘ताई, डॉक्टरांसमोर शब्द कोणता वापरायचा?’ असे त्यांनी विचारले. त्या ‘छातीत’ म्हणाल्या की डॉक्टर हृदयाचे ठोके ऐकायला लागतात, हे त्यांच्याबाबतीत एकदा झाले होते. परिचारिकाताईंनी त्यांना जागेवर उभे केले आणि ‘माझ्या डाव्या स्तनात गाठ लागते आहे’ हे वाक्य आम्हा सगळ्यांसमोर तीनदा म्हणायला लावले. पहिल्या वेळी त्यांचा आवाज मला तिसऱ्या रांगेतही नीट ऐकू आला नाही. तिसऱ्या वेळी दारापाशी उभ्या असलेल्या शिपाईबाईंनी मान वळवून आत पाहिले.